आवाज मुरतो म्हणजे काय?

हलगी वाजवण्याआधी ती शेकावी लागते, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. जत्रेत पालखी निघायच्या आधी वाजवणारे वाळक्या काटक्यांचा जाळ करतात, हलगी त्या धगीवर फिरवतात, बोटाने टिचकी मारून पाहतात, आणि आवाज कडक उठला म्हणजे मगच वाजवायला उभे राहतात. यात गूढ असे काही नाही. कातडे हवेतला ओलावा शोषून घेते, सैल पडते आणि आवाज बसतो. धगीने ओलावा उडतो, कातडे ताणले जाते आणि आवाज चढतो. कारण समजते, परिणाम सर्वांना ऐकू येतो, आणि शंभरदा केले तरी शंभरदा तेच घडते.

आता दुसरी गोष्ट पाहा. कोणी नवा स्पीकर विकत घेतो. घरी आणून लावतो, तर आवाज मनासारखा वाटत नाही. दुकानदार सांगतो, "आत्ता जरा कोंदट वाटेल. शंभर तास वाजू द्या, मग बघा कसा खुलतो ते!" दुसरा जाणकार म्हणतो, "ॲम्प्लिफायर तासभर तापल्याशिवाय गाणं ऐकूच नये." तिसरा तर जोडणीची वायरसुद्धा आठ-पंधरा दिवस चालवून मुरवायला सांगतो. लोणचे मुरते तसा आवाजही मुरतो, अशी ही समजूत आहे.

यातले खरे किती आणि मनाचे किती, याचा आज आपण विचार करू. हा प्रश्न नुसत्या हौशी लोकांचा नाही. शाळेसाठी गावाने वर्गणी काढून संच घेतलेला असतो. माल पसंत नसेल तर परत करण्याची मुदत पाच-सात दिवसांची असते, आणि शंभर तास वाजेपर्यंत ती मुदत निघून जाते. शिवाय मागच्या बाकावरच्या मुलाला शब्द स्पष्ट ऐकू येतो की नाही, हा खरा मुद्दा आहे. तो संच मुरण्याची वाट पाहून सुटणार असेल तर वाट पाहावी. सुटणार नसेल तर वेळीच दुसरा उपाय करावा.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करू. एक म्हणजे तापणे. ते संच सुरू केला की दर वेळी होते आणि बंद केला की निवते. दुसरी म्हणजे मुरणे. नव्या वहाणा आरंभी पायाला लागतात, मग सैल होतात, तसा यंत्रात एकदाच होणारा कायमचा बदल. लोक या दोहोंची गल्लत करतात, म्हणून आपण एकेक पाहू.

तापण्याची गोष्ट जुन्या रेडिओपासून सुरू होते. ज्यांनी व्हॉल्व्हचे रेडिओ पाहिले आहेत त्यांना आठवेल, की बटण फिरवले की डायलचा दिवा लगेच लागे, पण आवाज येत नसे. घरातले वडीलधारे म्हणत, "थांबा जरा, रेडिओ तापू दे." पंधरा-वीस सेकंदांनी, कधी अर्ध्या मिनिटाने, दुरून आल्यासारखा आवाज हळूहळू वर येई. हे तापणे अगदी खरे होते, आणि त्याशिवाय रेडिओ चालणेच शक्य नव्हते. व्हॉल्व्हच्या काचेच्या नळीत एक बारीक धातूची नळी असते. तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियम यांच्या ऑक्साइडचा लेप असतो. आतली तार तिला सातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवते, तेव्हाच त्या लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतात. फ्लेमिंग यांनी इंग्लंडमध्ये १९०४ साली पहिला व्हॉल्व्ह केला तो याच तत्त्वावर, आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन कसे निघतात याचा नियम शोधणाऱ्या रिचर्डसन यांना १९२८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. चूल पेटल्याशिवाय भाकरी नाही, तसे हे आहे.

पण आवाज आला म्हणजे तापणे संपले, असेही नाही. रेडिओच्या पेटीत व्हॉल्व्हच्या उष्णतेने हळूहळू सगळेच तापू लागते. तांब्याच्या तारेची वेटोळी किंचित प्रसरण पावतात, कंडेन्सरची धारणशक्ती थोडी बदलते आणि स्टेशन पकडणाऱ्या भागाची कंपनसंख्या सरकते. समजा, दहा हजारांत एक भाग एवढाच फरक पडला. मध्यम लहरींवरच्या १००० किलोहर्ट्झच्या स्टेशनाला तो दशांश एक किलोहर्ट्झ, म्हणजे न जाणवण्याइतका. पण लघुलहरींवर १५,००० किलोहर्ट्झच्या स्टेशनाला तोच फरक दीड किलोहर्ट्झ होतो, आणि नीट लावलेले स्टेशन दहा-पंधरा मिनिटांत निसटू लागते. मग कोणीतरी उठून सुई पुन्हा बसवायची. पुणे आकाशवाणी केंद्राने १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवली, तेव्हा आपल्याकडचे संच व्हॉल्व्हचेच होते. अशा संचावर ठरलेला कार्यक्रम ऐकायचा, तर तो थोडा आधी लावून ठेवणे हा अंधविश्वास नव्हता, शहाणपणा होता.

पुढे ट्रान्झिस्टर आला. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी तो प्रथम चालवून दाखवला. याला तापवावे लागत नाही. बटण दाबले की तो कामाला लागतो. तरी उष्णतेचा परिणाम त्याच्यावरही होतो. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरला सुरू व्हायला जो विद्युद्दाब लागतो, तो दर अंश सेल्सिअसला सुमारे दोन मिलिव्होल्टनी उतरतो. म्हणून मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये रचना करणारे इंजिनियर उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यावरच एक राखणदार भाग बसवतात. ट्रान्झिस्टर तापला की तो भाग प्रवाहाला आवर घालतो. हा तोल जमायला दहा-वीस मिनिटे लागू शकतात. उपकरणांनी मोजले तर तेवढ्या वेळात थोडा बदल दिसतो. पण नीट बांधलेल्या संचात तो कानाला कळावा एवढा सहसा नसतो. आणि आज घरोघर दिसणारे बॅटरीवरचे छोटे ब्लूटूथ स्पीकर घ्याल, तर त्यांतला ॲम्प्लिफायर मुळी फारसा तापतच नाही. तेव्हा असा संच तासभर आधी लावून ठेवण्यात बॅटरी उतरण्याखेरीज काही पदरात पडत नाही.

इथे दोन इशारे द्यायला हवेत.

पहिला खर्चाचा. आवाज 'गरम' राहावा म्हणून काही मंडळी व्हॉल्व्हचा संच अहोरात्र चालू ठेवतात. संच पन्नास वॉटचा धरला, तर दिवसाला १.२ युनिट, म्हणजे महिन्याला ३६ युनिट वीज जाते. वर व्हॉल्व्हचा लेप झिजतो तो निराळाच.

दुसरा इशारा जिवाचा आहे, आणि तो शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावा. १३ फेब्रुवारी हा जागतिक रेडिओ दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने शाळेत जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरते आणि कोणाच्या तरी माळ्यावरचा, वीस-तीस वर्षे बंद असलेला रेडिओ येतो. "लावून तर बघू" म्हणून तो थेट विजेला जोडू नये. त्याच्या आत इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतात. त्यांतल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, आणि तोच वीज अडवतो. वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर तो थर खराब होतो. अशा वेळी एकदम पूर्ण दाब दिला, तर कंडेन्सर तापून फुटतो, कधी ट्रान्सफॉर्मरही जळतो. जाणता कारागीर आधी संच उघडून तपासतो, खराब भाग बदलतो आणि मग विजेचा दिवा मध्ये जोडून, दाब बेताने वाढवत संच सुरू करतो. दाब हळूहळू वाढवला की चांगल्या कंडेन्सरातला तो थर पुन्हा तयार होऊ लागतो. संथपणे जागे करण्याचा खरा अर्थ इथे आहे. आणखी एक. व्हॉल्व्हच्या संचात दोन-अडीचशे व्होल्टचा दाब असतो आणि काही संचांचा लोखंडी सांगाडाच विजेच्या तारेला जोडलेला असतो. प्लग काढल्यावरही कंडेन्सरात वीज शिल्लक राहू शकते. तेव्हा मुलांना मागची पाठ उघडू देऊ नये. प्रदर्शनात रेडिओ नुसता मांडून ठेवला, तरी त्याची शोभा कमी होत नाही.

आता मुरण्याकडे वळू. संचामध्ये प्रत्यक्ष हलणारा भाग कोणता, तर स्पीकर. राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन इंजिनियरांनी १९२५ साली त्याला जे रूप दिले, तेच थोड्याफार फरकाने आजही चालते. कागदाचा शंकू, त्याच्या टोकाला तारेचे वेटोळे, भोवती लोहचुंबक. वेटोळ्यातून प्रवाह गेला की शंकू पुढे-मागे हलतो आणि हवा हलवतो. शंकूला जागेवर धरून ठेवायला कडेला एक लवचिक पट्टी असते आणि मागे राळेत भिजवून वळ्या पाडलेले एक कापड असते. नव्या कोऱ्या धोतराला खळ असते तशी या कापडाला राळेची ताठरता असते. पहिल्यांदा जोरात हलले की त्या राळेतले सूक्ष्म धागे सुटतात आणि कापड थोडे मऊ पडते. म्हणजे स्पीकर मुरतो, ही गोष्ट निराधार नाही. मोजमाप केले तर शंकूची स्वाभाविक कंपनसंख्या थोडी खाली आलेली दिसते. समजा, ती दर सेकंदाला ६० असेल तर ५५-५६ होते.

मात्र याबाबत तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, यातला बहुतेक बदल वाजवण्याच्या पहिल्या काही मिनिटांत, फार तर काही तासांत उरकतो. त्याला आठवडे लागत नाहीत. पुष्कळ कारखान्यांत तपासणीच्या वेळीच स्पीकर वाजवलेला असतो. दुसरी, स्पीकर पेटीत बसवला की पेटीतली कोंडलेली हवाही स्प्रिंगचे काम करते. त्यामुळे कापडाच्या मऊपणाचा परिणाम आणखी कमी होतो. तिसरी, हा बदल मुख्यतः खालच्या, घुमणाऱ्या स्वरांपुरता असतो. बोलण्यातले 'स', 'श', 'च' नीट ऐकू येत नसतील, किंवा आवाज चिरका असेल, तर तो दोष कापड मऊ पडल्याने जाणार नाही. तो दोष आज आहे आणि शंभर तासांनंतरही राहील.

उलट स्पीकर जोरात वाजून तापला, तर नुकसानच होते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. वेटोळे पन्नास अंशांनी तापले तर रोध वीस टक्क्यांच्या आसपास वाढतो, आणि त्याच दाबाला स्पीकर सुमारे एक षष्ठांश कमी शक्ती घेतो. म्हणजे तापलेला स्पीकर खुलत नाही, थोडा दबतो. लग्नाच्या मांडवात रात्र चढेल तसतसे आवाजाचे बटण वर सरकवणारे लोक या दबलेल्या स्पीकरालाच आणखी चटका देत असतात.

वायरीचे म्हणाल, तर तांब्याच्या तारेत गाणे वाजवल्याने मुरावे असे काहीही नसते. तार जाड हवी, जोड पक्के हवेत, टोके गंजलेली नसावीत. एवढे झाले की तारेचे काम संपले.

मग मुरवण्याचा हा शब्द आला कुठून? कारखान्यांत नवी यंत्रे काही तास चालवून पाहण्याची रीत जुनी आहे. कच्चा भाग असेल तर तो बहुधा आरंभीच दगा देतो. तो गिऱ्हाइकाच्या घरी बिघडण्यापेक्षा कारखान्यात बिघडलेला बरा. सोने जसे तावूनसुलाखून घेतात, तसा हा प्रकार आहे. तावूनसुलाखून घेतल्याने सोन्याचा कस वाढत नाही. तो किती आहे ते फक्त कळते. परीक्षेसाठी असलेली ही रीत पुढे आवाज सुधारण्याची युक्ती म्हणून सांगितली जाऊ लागली.

तरीही अनेक प्रामाणिक माणसे सांगतात, की "पंधरा दिवसांनी आवाज खरोखर सुधारला." ही माणसे खोटे बोलत नाहीत. त्यांना तसे ऐकू येतेच. पण बदललेले असते ते बहुधा यंत्र नसून ऐकणारा. पिठाच्या गिरणीशेजारी राहायला गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी त्या ठकठकीने झोप येत नाही. महिन्याने पाहुणा आला आणि "काय हो हा आवाज!" म्हणाला, की यजमान विचारतो, "कुठला आवाज?" गिरणी मुरलेली नसते, कान सरावलेला असतो. आवाजाच्या बारकाव्यांची नेमकी आठवण कानाला काही सेकंदच राहते. पंधरा दिवसांपूर्वीचा आवाज कसा होता, हे आपण आठवत नसतो, कल्पनेने उभे करत असतो. आणि पैसे खर्च केल्यानंतर मन कल्पनेचा कौल सहसा खर्चाच्या बाजूने देते. त्यात आणखी एक भर. आवाज किंचित मोठा झाला की तो मोठा न वाटता चांगला वाटतो. दोन संच दाखवताना एकाचे बटण केसभर वर ठेवले, तर गिऱ्हाईक त्यालाच पसंती देण्याचा संभव असतो.

मग खरेखोटे कसे करावे? त्याला भारी उपकरणे लागत नाहीत. आठवी-नववीच्या मुलांकडून करवून घेता येईल असा हा प्रयोग आहे. एकाच जातीचे दोन नवे स्पीकर घ्या. एका ओळीत, एका उंचीवर, पडद्यामागे ठेवा आणि दोघांचा आवाज सारखा करा. एक मुलगा पडद्यामागे बसून नाणे उडवेल. छापा आला तर एक वाजवेल, काटा आला तर दुसरा. ऐकणाऱ्याने कोणता वाजला ते वहीत लिहायचे. असे दहा वेळा करा. दोन्ही नवे असतानाच मुले त्यांतला फरक ओळखू लागली, तर ही जोडी प्रयोगाला उपयोगी नाही, कारण एकाच जातीच्या दोन नगांतही उपजत फरक असू शकतो. फरक ओळखता आला नाही, तर त्यांतला एक शंभर तास वाजवा, दुसरा खोक्यात ठेवा, आणि तोच प्रयोग पुन्हा करा.

नुसत्या अंदाजाने दहापैकी पाचाच्या आसपास उत्तरे बरोबर येणारच. दहापैकी नऊ किंवा दहा उत्तरे अंदाजाने बरोबर यायची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे शेकड्याला साधारण एक. तेव्हा एखाद्याने नऊ-दहा उत्तरे बरोबर दिली, तर त्याच्या कानाला मान द्यावा आणि प्रयोग पुन्हा करून खात्री करावी. पाच-सहाच बरोबर आली, तर मुरण्याचा फरक या कानांपुरता तरी नाही, असे समजावे. गणिताचा आणि विज्ञानाचा तास यातून एकदमच होतो; आणि कोणी कितीही मोठ्या आवाजात सांगितले तरी आधी पडद्याआड पारखून घ्यायचे, ही सवय मुलांना लागते.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून आटोपते घेतो. नवा संच आणला की पहिल्या दोन दिवसांतच तो भरपूर, पण बेताच्या आवाजात वाजवून पाहावा. मुरवण्यासाठी नव्हे, दोष सापडण्यासाठी. घरघर, खरखर, एका बाजूने कमी आवाज असे काही आढळले, तर "मुरेल हळूहळू" या भरवशावर न राहता मुदतीच्या आत दुकानाची पायरी चढावी. व्हॉल्व्हचा संच असेल तर कार्यक्रमाआधी दहा-पंधरा मिनिटे लावावा. इतरांना ती गरज नाही.

आणि जो वेळ मुरण्याची वाट पाहण्यात जायचा, तो स्पीकरची जागा ठरवण्यात घालवावा. स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात ठेवला तर खालचे स्वर फुगतात आणि बोलणे रांजणातून आल्यासारखे घुमते. तो कोपऱ्यातून दोन-तीन हात बाहेर काढावा, बसलेल्या मुलांच्या कानांच्या उंचीपेक्षा थोडा वर, त्यांच्याकडे तोंड करून ठेवावा. वर्गाच्या भिंती उघड्या असतील आणि वर पत्रा असेल तर आवाजाचे पडसाद शब्दात शब्द मिसळतात. मागच्या भिंतीवर जाड गोणपाट किंवा सतरंजी टांगली, तर केवढा फरक पडतो हे एकदा करून पाहावे. तो फरक ओळखायला पडदाही लागणार नाही आणि नाणेही लागणार नाही. मागच्या बाकावरचा मुलगाच सांगेल, "गुरुजी, आता नीट ऐकू येतंय."